ओवी संपल्यावरचं नाव

सेनगावच्या एस.टी. स्टँडमागे तेव्हा बाभळींची दाट रांग होती. त्र्याण्णव सालच्या फाल्गुनात मी पुसेगावच्या जीपची वाट पाहत तिथे उभा होतो. तिथल्या शाळेच्या गॅदरिंगला मुलांचं नाटक बसवून द्यायचं मी कबूल केलं होतं. जीप भरत नव्हती. एक उंच, वाळलेला म्हातारा बाभळीची फांदी वाकवून काटे निवडत होता. एक काटा मोडायचा, उन्हात धरून न्याहाळायचा, त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं आणि मान हलवून फेकून द्यायचा. दहा-बारा फेकल्यावर एखादा पसंत पडे. तो पटक्याच्या घडीत जाई.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काय हो, पायातला काटा काढायला काटा शोधताय का?"

"न्हाई जी," तो वळून न बघताच म्हणाला. "मायला बोलतं करायचं हाय."

माझी हयात रंगभूमीवर गेली. चांगलं वाक्य कानावर आलं की ते कोणाचं, कुठलं, हे विचारल्याशिवाय माझा पाय पुढे निघत नाही. मी त्याच्याच जीपमध्ये बसलो, त्याच्याच शेजारी. त्याचं नाव मसाजी. पुसेगावचा मेंढपाळ. जीप त्याचा मुलगा परमेश्वर चालवत होता आणि पुढच्या टेपवर मोठ्यानं गाणी लावून होता. मसाजीनं मागून त्याच्या खांद्यावर काठी टेकवली.

"बारीक कर रे. पाव्हण्यासंग बोलून राहिलो."

"बा, पाशिंजर बोंबलते गाण्याबिगर."

"बोंबलू दे."

त्या दीड-दोन तासांत त्यानं मला जे सांगितलं, आणि पुढच्या तेरा वर्षांत जे मी पाहिलं, तेच इथे लिहितो आहे. लिहिण्यामागे माझं एक कारण आहे, ते शेवटी येईल.

मसाजीची आई चंदाबाई. मसाजी वर्षाचा असताना ती गेली. त्याला तिचा चेहरा आठवत नव्हता, फोटो तर नव्हताच. गावात तिचं नाव ओव्यांसाठी होतं. पहाटे जात्यावर बसली की शेजारच्या चार घरच्या बायका आपलं दळण घेऊन तिच्या दारी यायच्या, म्हणे. एकदा नर्सीच्या यात्रेत कोण्या कंपनीचा एक एजंट हिंडत होता. गाणारी माणसं गोळा करून हैदराबादेला न्यायची, त्यांचं गाणं तबकडीवर उतरवायचं, हा त्याचा धंदा. त्यानं चंदाबाईची ओवी ऐकली आणि तिच्या नवऱ्याला, कोंडीबाला, गाठलं. कोंडीबा भोळा माणूस. हैदराबाद बघायला मिळेल म्हणून तो हो म्हणाला. तान्ह्या मसाजीला झोळीत घालून दोघं निघाली.

तेव्हाचं ध्वनिमुद्रण म्हणजे काय, हे आज कानात यंत्र खुपसून फिरणाऱ्या पोरांना सांगून कळायचं नाही. खोलीत एक मोठा भोंगा. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं. सूर चढला की मागचा माणूस खांद्याला धरून गाणाऱ्याला मागे ओढी, उतरला की पुढे ढकली. आणि वेळ तीन मिनिटं. तीन मिनिटांत तबकडी भरली की गाणं तिथंच संपायचं. दोन पायली जोंधळे दळून होईपर्यंत जिची ओवी थांबत नसे, तिला तीन मिनिटांत थांबायला सांगणं म्हणजे वाहत्या ओढ्याला हाताचा आडोसा करण्यासारखं. पण चंदाबाईनं ते केलं.

गाणं संपलं की एक रीत होती. तबकड्या छापायचा कारखाना कुठेतरी दूर. तिथल्या कामगारांना काय कळणार, हा गळा कोणाचा? म्हणून गाणाऱ्यानं शेवटी, भोंग्यातच, आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. ते ऐकून तिकडे तबकडीच्या मधल्या कागदावर नाव छापायचे. मोठमोठ्या गाणाऱ्या बाया झोकात नाव सांगत. चंदाबाईला मुद्रण करणाऱ्या साहेबानं बोटानं खूण केली: सांग.

आता विचार करा. मेंढपाळाच्या घरातली विशीतली बाई. लग्नात नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. स्वतःचं नाव तिला आजवर कोणी विचारलं होतं? कोंडीबाची बायको, मसाजीची माय, एवढ्यावर तिचं भागत होतं. ती भोंग्यासमोर घोटाळली. म्हणाली, "मी चंदाबाई..." आणि तिला हसू आलं. एवढंसं, नाकातल्या नाकात. मग घाईनं, "पुसेगावची."

हे सगळं तबकडीवर उतरलं. हसूसुद्धा.

हैदराबादेहून परतल्यावर सहा महिन्यांत ती तापानं गेली. गाव म्हणालं, यंत्रानं जीव ओढून घेतला. आवाज काढून घेतल्यावर माणूस उरतं का? आमच्या नाटक कंपनीतले जुने गवईसुद्धा असंच म्हणत. आमच्या मालकांचं म्हणणं निराळं होतं: लोकांना घरबसल्या ऐकायला मिळालं तर तिकीट काढून कोण येईल? म्हणून आमच्यापैकी कोणाचाही आवाज त्यांनी तबकडीवर जाऊ दिला नाही. मी वीस वर्षं लुगडं नेसून रंगभूमीवर गायलो. त्यातला एक सूरही आज कुठे शिल्लक नाही. असो.

चंदाबाई गेल्यावर त्या एजंटच्या कंपनीकडून तबकडी आली. कोंडीबानं ती घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून कणगीत जोंधळ्याच्या खाली पुरून ठेवली. चौदाव्या वर्षी मसाजीला बाहेर काढून दाखवली. म्हणाला, "ही तुझी माय."

"मी काय केलं असंल मास्तर?" मसाजी जीपमध्ये मला विचारत होता. त्याच्या डोळ्यांत हसू होतं. "कानाला लावली. घरामागं जाऊन, दिस मावळंस्तोर कानाला लावून बसलो. म्हणलं, बोलंल कवातरी."

फोनो, म्हणजे ग्रामोफोन, होता तो हट्ट्याच्या माणिकरावांकडे. हट्टा म्हणजे पुसेगावपासून कळप घेऊन तीन-चार मुक्कामांची वाट. माणिकराव मोठे जमीनदार. उन्हाळ्यात मेंढपाळांचे कळप रानात बसवून घ्यायचे. कळप रात्रभर शेतात बसला की लेंड्यांचं आयतं खत पडतं, आणि त्याबद्दल मेंढपाळाला जोंधळे मिळतात. ही आपल्याकडची जुनी देवघेव. मसाजी बापाबरोबर तिथे गेला आणि माणिकरावांना म्हणाला, "मालक, माज्या वाटचे जोंधळे नगं. मेंढरं बसवतो, त्या बदली एक डाव हा तवा लावा."

तबकडीला आपल्याकडे तवाच म्हणत. माणिकरावांना हसू लोटलं. त्यांची बायको नर्मदाबाई आतून म्हणाली, "अहो, लावा की. लेकरू मागून काय मागतंय?"

फोनो आत माजघरात होता. मसाजीला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. धनगराचं पोर माजघरात कसं जाणार? तबकडी तेवढी आत गेली. चंदाबाई जिवंत असती तर तीही ओट्याच्या वर चढली नसती. तिचा आवाज मात्र देवघराशेजारी बसून गायला. मसाजीनं आईला पहिल्यांदा ऐकलं ते असं, दोन दारांपलीकडून.

गाणं असं होतं:

मेंढ्या गेल्या माळावरी ।
सावली गं बाभळीची ।
झोप माझ्या पाखराची ।
मोडू नये ॥

"आन् मंग नाव म्हणली," मसाजीनं सांगितलं. "मी उठून उभा राह्यलो. गाणं तर काय, जात्यावर कुनाची बी माय म्हणते. ते लोकासाठी असतंय. पर ते नाव म्हणली ना, ते बोलणं हाय. माय मला सोडून गेली तवा मला बोलणं कळत नव्हतं. तिचं बोलणं म्हणजे तेवढंच. तीन शब्द."

तो दर उन्हाळ्यात हट्ट्याला जाऊ लागला. मेंढरं बसवायची आणि बदल्यात तवा ऐकायचा. पुढे लढाईच्या दिवसांत फोनोच्या सुया मिळेनाशा झाल्या. तबकडीच्या एका बाजूला एक सुई, असा नियम. वापरलेली सुई तबकडी खरवडते. माणिकरावांनी हात वर केले. तेव्हा मसाजीनं रानातला बाभळीचा काटा आणला. चाकूनं तासला, टोक दगडावर घासलं आणि नर्मदाबाईंकडून आत पाठवला. आवाज बारीक आला, पण गोड आला. आणि तबकडीवर ओरखडा उठला नाही. तेव्हापासून चंदाबाईला पोलादी सुई कधी लागली नाही. एका ऐकण्याला एक नवा काटा.

रेडिओ आल्यावर माणिकरावांकडे फोनोवर धूळ बसली. मसाजीनं तीन उन्हाळे फुकट मेंढरं बसवली आणि फोनो पुसेगावला नेला. मग वीसेक वर्षं तो सेनगाव-हिंगोलीकडे लग्नांतून आणि जत्रांतून 'मसाजी भोंगेवाला' म्हणून फिरला. वरातीला गाणी लावी, पोलादी सुयांनी, बाजारातल्या तबकड्या. बायका भोंग्यात डोकावून आत बसलेली बाई शोधत. एका म्हातारीनं भोंग्यासमोर भाकरी ठेवली होती. किती वेळची गाऊन राहिली बिचारी, म्हणाली. पण आईचा तवा त्यानं धंद्यात कधी काढला नाही. ती वर्षातून एकदाच बोलायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, घरी. काटे मात्र तो वर्षभर निवडून वाळवत ठेवी.

पुढे लाउडस्पीकरवाले आले, मग कॅसेटी आल्या. मसाजी पुन्हा मेंढरांमागे गेला.

त्या दिवशी जीपमधून उतरल्यावर तो मला घरी घेऊन गेला. त्याची बायको भागाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून पदर सावरून म्हणाली, "आले का काटेवाले? आन् हे कोन?"

"नाटकातले मास्तर हायेत. अमृतराव. मायला ऐकायला आले."

"या बसा," ती मला म्हणाली. "पन्नास वरीस झाले, मी बोलून राहिले या घरात. एक शब्द ऐकू येत न्हाई यांला. सासू वर्साला तीन शब्द बोलते तर कुत्र्यावानी कान टवकारून बसतेत."

"तू रोजच बोलतीस," मसाजी म्हणाला.

"मंग मी बी एक डाव बोलून मरते, बघू काटा तासता का माज्यासाठी."

त्या दिवशी मी चंदाबाईला पहिल्यांदा ऐकलं. पोळा नव्हता, तरी मसाजीनं पाहुण्यासाठी नियम मोडला. तबकडी जुनी, खरखर फार. त्यातून आवाज असा येत होता जणू कोणी वाळूच्या पलीकडून गात आहे. ओवी संपली. क्षणभर खरखर. मग: "मी चंदाबाई..." ते हसू. "पुसेगावची." मसाजीचं बोट हवेत वर गेलं होतं, आणि शेवटच्या अक्षरावर ते खाली आलं.

त्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडे फक्त भांडी वाजली. पण मसाजीच्या कोनाड्यातून ती घोंगडीची गुंडाळी घसरून खाली आली आणि तबकडीला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर गेली. केसाएवढी बारीक. तबकडी अजून एकसंध होती, पण प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा आवाज येई. मसाजी एकटा सेनगावला माझ्या घरी आला. पाणीही न पिता म्हणाला, "मास्तर, आता किती डाव बोलंल सांगता येत न्हाई."

मी म्हणालो, "कॅसेटवर उतरवून घेऊ. एकदा उतरली की हवी तेवढी वेळा ऐका."

"तसं व्हतंय?"

"का नाही होणार? परमेश्वरकडे टेप आहे ना?"

त्याला धीर यायला सहा महिने लागले. एकदा लावली आणि तुटली तर? न लावता तशीच जपली तर ती आहे, पण मुकी. शेवटी चौऱ्याण्णवच्या वैशाखात त्यानं निरोप पाठवला.

मी त्या दिवशी अगदी नाटकाच्या तालमीला निघाल्यासारखा गेलो. दुपारची वेळ. खोलीची दारं-खिडकी लावून घेतली. भोंग्यासमोर पाटावर परमेश्वरचा टेप ठेवला. नव्या कॅसेटीचं चकचकीत वेष्टण फाडलं. मी सगळ्यांना बजावलं, "कोणी खोकायचं नाही. शिंक आली तर नाक दाबायचं. पाटावर हात आपटायचा नाही." कोंबडी दाराशी कुरकुरत होती, तिला भागाबाईनं काखेत धरून शेजारी नेऊन सोडलं. दावणीच्या शेळीच्या गळ्यातली घंटी मी स्वतः सोडवली. परमेश्वर म्हणाला, "मास्तर, तुमी तर आमचे फौजदारच झाले." मी त्यालाही ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

मसाजीनं काटा तासला. तीन काटे फेकून चौथा घेतला. चावी दिली. परमेश्वरनं टेपची दोन बटणं एकदम दाबली. काटा टेकला.

टक्. टक्. टक्. आणि त्या टकटकीतून चंदाबाई.

मला काय झालं ते सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा ऐकताना मी शब्दांत गुंतलो होतो. या वेळी गळा ऐकला. 'मोडू नये' म्हणताना ती शेवटच्या अक्षरावर असा एक वळसा घेते, कोणी न शिकवलेला, जात्याच्या फेऱ्यासारखा गोल, आणि नेमका जागेवर येऊन बसतो. असं काही ऐकलं की बैठकीत दाद जाते. ती आपण देत नाही, जाते. पन्नास वर्षं विंगेत उभं राहून, बैठकीत मांडीवर हात मारून, ती माझ्या श्वासात मुरलेली होती.

मी म्हणालो, "वाहवा! क्या बात है!"

मोठ्यानं. रंगभूमीवर शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसं.

काटा तबकडीच्या मधल्या रिकाम्या भागात फिरत राहिला. टक्. टक्. परमेश्वरनं टेप बंद केला. मसाजीचं बोट हवेतच होतं. ते खाली आलं नव्हतं.

"ऐकवा बरं," भागाबाई म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं.

कॅसेट मागे फिरवली. ओवी छान उतरली होती. मग 'मोडू नये'. मग माझा आवाज, भरदार, खणखणीत, खोलीभर. आणि तो विरता विरता एकच अक्षर: "...ची."

"हे कोन वरडलं?" भागाबाईनं विचारलं. आणि माझ्याकडे बघून तिनं तोंडावर पदर घेतला.

मसाजीनं पटक्यातून आणखी एक काटा काढला आणि तासायला बसला. मी हात जोडले. म्हणालो, "मसाजीराव, आज नको. तबकडी तापली असेल." काय बोलत होतो कोण जाणे. तो म्हणाला, "बसा मास्तर. व्हतंय." परमेश्वरनं कॅसेट पुढे सरकवली. मी उठून बाहेर जायला निघालो, तर मसाजीनं मला हातानं खाली बसवलं.

काटा टेकला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. बाभळीच्या सावलीवर 'टक्' जरा मोठा झाला. तिसऱ्या ओळीत, 'पाखराची' म्हणताना, तबकडी चिरेवरून उकलली. एक तुकडा उचलला गेला, फोनोची काटा धरणारी डबी त्यावर आदळली, आणि भोंग्यातून असा एक आवाज आला की दावणीची शेळी ओरडली.

मग काही नाही.

मसाजीनं चावी सैल केली. तुकडे एकेक उचलले, कडा कडेला लावून पाहिल्या आणि घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळले. भागाबाईला म्हणाला, "मास्तरला च्या टाक." आम्ही चहा प्यालो. त्यानं मला जीपपर्यंत पोचवलं. त्याचा एक शब्दही वाकडा नव्हता, आणि त्या चालण्याएवढं लांब चालणं मी पुन्हा कधी चाललो नाही.

अडीच वर्षं मी पुसेगावला फिरकलो नाही. त्या बाजूची जीप दिसली तरी मान वळवायचो. शहाण्णवच्या दिवाळीत सेनगावच्या बाजारात मागून कोणी माझा सदरा ओढला. मसाजी होता. पाठ वाकली होती.

"काहून येत न्हाई मास्तर?"

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"ज्या तोंडानं वाहवा म्हणले त्याच तोंडानं या." आणि तो हसला, पण लगेच थांबला. आम्ही हॉटेलातल्या बाकावर बसलो. बराच वेळ त्यानं बशीत चहा नुसता फिरवला. मग म्हणाला, "मला लई राग आला तुमचा. खोटं काहून बोलू? दोन साल त्या टेपाला मी हात लावला न्हाई. मंग यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भागीनंच लावला. मी भाईर बसलो, ओट्यावर. ऐकलं." त्यानं बशी खाली ठेवली. "माज्या मायला यंत्रानं खाल्लं म्हणले समदे. बानं पुरून ठुली. हट्ट्याला माजघरात वाजली तर कुनी मान बी हालवली न्हाई. गायली बरी, असं तिला कुनी म्हणलंच न्हाई मास्तर. तुमीच पैले."

मी काही तरी बोलायला गेलो, पण त्यानं हात वर केला.

"पर नाव गेलं ते गेलंच. त्याची तकलीफ हाय. ऱ्हाणार."

त्यानंतर दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुसेगावला जायचो. आमचा जिल्हा परभणीतून फुटून हिंगोली झाला, रस्ते बदलले, परमेश्वरची जीप जाऊन दुसरी आली. कॅसेट तीच. फोनो कोनाड्यात मुका बसलेला, आणि त्याच्यासमोर मसाजी सवयीनं एक काटा तासून ठेवी. कॅसेटला काटा लागत नाही हे त्याला माहीत होतं. भागाबाई म्हणे, "तासू द्या. हाताला दुसरं काय काम हाय?" ओवी वाजायची. माझी वाहवा यायची. आणि मागून ते "...ची". त्या एका अक्षरावर मसाजीचं बोट खाली यायचं.

एकदा वाहवाच्या आधीच त्यानं टेप बंद केला. मग त्यानं मान जराशी खाली घातली आणि म्हणाला:

"मी चंदाबाई..."

नाकातल्या नाकात ते हसू. तेवढंच. ना जास्त, ना कमी.

"पुसेगावची."

सत्तरी ओलांडलेला, राठ गळ्याचा मेंढपाळ. पण मी सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं मी बायकांची कामं केली. लाजणं, मुरकणं, पदराआड हसणं, सगळं मला शिकवलेलं होतं आणि मी शेकडो रात्री ते करून टाळ्या घेतल्या. ते हसू मला कधी आलं नाही. अनेक वर्षं, वर्षातून एकदा तीन शब्द ऐकून ज्यानं ते गिरवलं, त्यालाच ते येत होतं.

दोन हजार पाच सालात परमेश्वरनं आवाज उतरवून घेणारा मोबाइल आणला. तो बापासमोर धरून म्हणाला, "बा, आजीचं नाव म्हण एक डाव. यात राहील. लेकराला ऐकवू."

"न्हाई," मसाजी म्हणाला.

"काहून? तसंच म्हणतोस ना तू, बराबर तिच्यावानी?"

"तिच्यावानी हाय. तिचं न्हाई." आणि त्यानं मोबाइल हातानं बाजूला केला, हळूच, जसा तो तबकडीवरचा काटा उचलायचा. परमेश्वर माझ्याकडे बघू लागला. मीही आग्रह केला असता तर तो कदाचित म्हणाला असता. पण मी एकदा बोलून चुकलो होतो.

मसाजी पुढच्या वर्षी, सहा साली, पोळ्याच्या आधी गेला. तेराव्याला मी गेलो. भागाबाईनं मला आत बोलावून कॅसेट माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "परमेश्वरच्या जीपीत आता टेप न्हाई. तुमच्याकडं हाय ना? तुमीच ठेवा. तुमचा बी आवाज हाय त्यात."

हे मात्र मला तोवर सुचलं नव्हतं. माझ्या मालकांनी जे होऊ दिलं नाही, ते झालं होतं. वीस वर्षांच्या गाण्यातून नाही, मुलांना शिकवलेल्या नाटकांतून नाही. माझा जो काही आवाज या जगात उतरला तो एवढाच, एक वाहवा. आणि तो एका बाईच्या नावावर पडला आहे.

आता माझी एक्क्याऐंशी सरली. कॅसेटची पट्टी सैल झाली आहे; ओवी वाजताना सूर मध्येच खाली बसतो. मी आरशासमोर उभा राहून ते तीन शब्द म्हणून पाहतो. शब्द जमतात. हसू जमत नाही. कधी जास्त होतं, कधी नाटकी होतं. मसाजीला विचारावंसं वाटतं, आणि मग आठवतं.

म्हणून हे लिहिलं. मी गेल्यावर कोणाच्या हाती ही कॅसेट पडली, कोणी ती लावली, तर त्यांना एका म्हाताऱ्याचं ओरडणं ऐकू येईल. कृपा करून त्या जागी ऐकू नका. त्या जागी हे वाचा:

मी चंदाबाई... इथे ती जराशी हसते... पुसेगावची.